एका फोनलाइनवर अख्खं ऑफिस

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा एक फोनलाइन, एक मोडेम आणि एक कॉम्प्युटर एवढाच त्याचा पसारा होता. पुढच्या काही वर्षांत पुण्यातल्या छोट्या ऑफिसांतून वेगळीच मागणी येऊ लागली: फोन एकच, खाते एकच, पण नेट मात्र सगळ्या टेबलांवर हवे. हे काम मी बरीच वर्षे केले. आजच्या तरुण नेटवर्क इंजिनिअरना ते इतिहासजमा वाटते. मला विचाराल तर आमच्या विद्येचा कस तिथेच लागत होता. लाइन इतकी बारीक असली की रस्ता दाखवण्याइतकेच, कोणाला रस्त्यावर सोडायचे नाही हे ठरवणे महत्त्वाचे होते.

साहित्य साधे होते. बाजूला पडलेले जुने ४८६ मशीन, त्यावर लिनक्स, एक नेटवर्क कार्ड आणि सिरियल पोर्टला जोडलेला मोडेम. आतल्या मशिनांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते द्यायचे. मोडेमची किरकिर थांबली की पीपीपी या प्रोटोकॉलची बोलणी सुरू होत: आधी लाइनच्या अटी, मग नाव-पासवर्ड, शेवटी त्या कॉलपुरता एक आयपी पत्ता. सगळ्या टेबलांवरची पॅकेट्स त्या एकाच पत्त्याच्या नावाने बाहेर पडत. याला आम्ही मास्करेडिंग म्हणत असू.

अडायचे ते डिफॉल्ट रूटपाशी, म्हणजे बाहेरच्या पॅकेट्सनी कोणत्या वाटेने जायचे ते ठरते तिथे. लिनक्स बसवताना नेटवर्क कार्डाला सवयीने गेटवे दिलेला असे. लाइन लागे, पलीकडच्या टोकाला पिंग जाई, पण त्यापुढे काहीच नाही. डिफॉल्ट रूट आधीच असेल तर पीपीपी चालवणारा प्रोग्राम, पीपीपीडी, तो बदलत नसे आणि लॉगमध्ये तसे स्वच्छ लिहीत असे. कार्डाचा गेटवे काढला, पुन्हा डायल केले की ऑफिसभर नेट सुरू. लॉग आधी वाचावा, तारा मग हलवाव्यात, हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगत आलो आहे.

त्यापुढचा भाग गणिताचा. ३३.६ केबीपीएस वेगाने १५०० बाइटचे एक पॅकेट जायला सुमारे ०.३६ सेकंद लागतात. म्हणजे कोणी मोठी फाइल पाठवत असेल, तर शेजारी टेलनेटवर टाइप करणाऱ्याचे प्रत्येक अक्षर अशा पॅकेटमागे खोळंबणार. एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, २९६ बाइट केला की ती वाट ०.०७ सेकंदांवर येते. फाइलला थोडा जास्त वेळ लागतो, पण टाइप करणारा वैतागत नाही. कोणाची गैरसोय आधी दूर करायची, हा निर्णय असा एका आकड्यात असे.

खरी कसोटी होती ती मागणीनुसार डायल करण्याची. बाहेर जाणारे पॅकेट आले की डायल्ड नावाचा प्रोग्राम आपणहून फोन लावी. पण विंडोज मशिने आपापसातली नावे शोधतानाही बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला विचारत. तेवढ्यासाठी मध्यरात्री रिकाम्या ऑफिसात फोन लागे आणि बिल आले की मालक जाब विचारत. म्हणून गेटवेवरच डीएनएसची सोय करायची, म्हणजे ऑफिसातल्या नावांचे उत्तर आतच मिळे. आणि कोणत्या पॅकेटला फोन उचलायचा अधिकार नाही, याचे नियम हाताने लिहायचे. एवढ्याने रात्रीचे कॉल थांबत.

या काटकसरीतले सर्वांत सुंदर काम व्हॅन जेकबसन यांचे. टीसीपी-आयपीच्या प्रत्येक पॅकेटवर किमान ४० बाइटचे शीर्षक असते. एकाच संवादात त्यातले बहुतेक बाइट बदलत नाहीत, मग पुन्हापुन्हा पाठवायचे कशाला? दोन्ही टोकांनी मागचे शीर्षक लक्षात ठेवायचे आणि फक्त फरक पाठवायचा. १९९० साली त्यांनी मांडलेल्या या पद्धतीने ४० बाइटचे काम अनेकदा ३ बाइटांत होई. एका अक्षरासाठी ४१ बाइट मोजणाऱ्या लाइनवर याचे मोल फार मोठे होते.

डायल-अप गेले, पण ही विद्या गेलेली नाही. घरच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर आजही पीपीपीच इथरनेटवरून चालतो. त्यांचा एमटीयू १५०० ऐवजी १४९२ असतो तो त्यामुळेच. आणि ४जी फोनवरून व्होल्टी कॉल केला की आवाजाच्या पॅकेट्सची शीर्षके त्याच तत्त्वाने आवळली जातात, कारण हवेतली जागा आजही महागच आहे.