गाण्यातल्या देवांची व्यक्तिचित्रे

बालाघाटहून बैहरचा घाट चढताना मला साजाची झाडे भेटली. साजा म्हणजे आपला ऐन. गोंडांचे बडादेव त्यातच राहतात. परधान लोक तीन तारांचा बाना वाजवून त्यांना बोलावत आले. मूर्तीची गरज पडली नाही. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचे परधान जनगढ सिंह श्याम यांनी या ऐकीव देवांना कागदावर रूप दिले. अंगभर ठिपके, जणू गोंदणच! भोपाळच्या भारत भवनातून ही चित्रे १९८९ मध्ये पॅरिसला पोहोचली. २००१ मध्ये जपानमध्ये, घरापासून दूर, जनगढ यांनी जीवन संपवले.

भोपाळला गेलात तर त्यांची चित्रे जरूर पाहा. आणि दारात कधी बानावाला आला, तर त्याला बसवून घ्या. चित्रातले देव त्याच्याच गाण्यातून आलेत.