बरे वाटते तेव्हाची तपासणी

दुखणे थांबले की दवाखाना सुटतो. हातावर पोट असलेल्या घरात हे असेच होते, कारण दवाखान्यात घालवलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. पण काही आजार असे आहेत की माणूस बरा असतानाच त्यांची पाहणी करावी लागते. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्यांतला एक. माझ्या धाकट्या भावाला तो आहे. त्याला विचारूनच हे लिहीत आहे.

या आजारात मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सुजते, त्यावर जखमा होतात, शौचावाटे रक्त आणि आव पडते. सूज गुदद्वाराजवळून सुरू होते आणि वर सरकते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते.

भाऊ रिक्षा चालवतो. 2013 च्या पावसाळ्यात त्याला रक्त पडू लागले. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागे. म्हणून तो जवळ सार्वजनिक शौचालय असेल त्याच स्टँडवर उभा राही, लांबचे भाडे नाकारी. आधी मूळव्याध समजून मलम मिळाले, त्यात वर्ष गेले. 2014 मध्ये मोठ्या सरकारी रुग्णालयात कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून आतडे पाहिले, तेव्हा खरा आजार कळला. जवळजवळ सगळे मोठे आतडे सुजले होते. मेसालाझिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षांत रक्त थांबले, अंगावर मांस चढले. त्याने कर्ज काढून स्वतःची रिक्षा घेतली.

2021 मध्ये ओपीडीतल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "पहिलं रक्त कधी पडलं होतं?" त्याने साल सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आठ वर्षं झाली. आता आतून पुन्हा बघायला हवं."

घरी आल्यावर तो म्हणाला, "ताई, मला आता काही होत नाही. कशाला उगाच नळी घालून घ्यायची?" भावजयीला रिक्षाच्या हप्त्याची काळजी. दोघांचेही चुकत नव्हते. म्हणून मी स्वतः जाऊन डॉक्टरबाईंना भेटले आणि सगळे समजून घेतले.

वर्षानुवर्षे सूज राहिली की अस्तरातल्या पेशी बदलू लागतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही. पण आजार जितका जुना, जितका पसरलेला आणि सूज जितकी जास्त, तितका धोका वाढतो. एरवी आतड्याचा कॅन्सर बहुधा कोंबासारख्या गाठीतून सुरू होतो आणि ती गाठ कॅमेऱ्यात दिसते. कोलायटिसमध्ये मात्र बदललेला भाग पुष्कळदा सपाट असतो, रंगही आजूबाजूसारखाच. तो दुखत नाही, त्यातून रक्त येत नाही. या अवस्थेला डिस्प्लेशिया म्हणतात. हा कॅन्सर नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी आहे. इथे सापडला तर बहुतेक वेळा काम सोपे होते.

मग जे दिसत नाही ते शोधायचे कसे? पूर्वी दर दहा सेंटिमीटरवर चारी बाजूंनी चिमटीएवढे तुकडे घेत, एका माणसाचे निदान 32-33. अंधारात हात घालण्यासारखेच ते. पुढे डॉक्टरांनी आतड्यावर निळा रंग फवारायला सुरुवात केली. पांढऱ्या कपड्याला नीळ दिली की ती चुण्यांत जास्त बसते, तसा हा रंग अस्तराच्या बारीक खाचांत बसतो आणि वेगळा भाग उठून दिसतो. जर्मनीत माइन्झ येथे 2003 मध्ये 165 रुग्णांवर अभ्यास झाला. रंग वापरला त्या गटात अशा बदललेल्या 32 जागा सापडल्या, साध्या तपासणीत 10. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात 2004 मध्ये 100 रुग्णांचे सरसकट घेतलेले 2904 तुकडे तपासले, त्यांत डिस्प्लेशिया एकाही तुकड्यात नव्हता. पाहून, संशय आला तिथूनच घेतलेल्या 157 तुकड्यांत मात्र तो 9 ठिकाणी निघाला. आता कॅमेरेही फार स्पष्ट झाले आहेत आणि काही यंत्रांत रंगाऐवजी खास प्रकाशाने पाहता येते. धोका फार जास्त असेल तर सरसकट तुकडेही घेतात.

हे ऐकून भाऊ तयार झाला. आदल्या दिवशी पातळ आहार, मग पोट साफ करणारे औषध पाण्यात कालवून प्यायचे. रात्रभर शौचाला पळावे लागते, पण हीच पायरी नीट करायची असते. आतडे स्वच्छ नसेल तर रंग फवारून उपयोग नाही. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद ठेवतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचे. गुंगीचे इंजेक्शन देतात, म्हणून सोबत माणूस हवे आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. आतड्याला छिद्र पडणे किंवा रक्तस्राव होणे हे धोके आहेत, पण क्वचित.

रंग फवारल्यावर उजव्या बाजूला नखाएवढा सपाट डाग दिसला. नळीतूनच तो काढून पॅथॉलॉजीकडे पाठवला. अहवाल यायला पंधरा दिवस लागले. त्या दिवसांत घरात कॅन्सर हा शब्द कोणी उच्चारला नाही. आईला कळू दिले नाही. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितले होते की बदल पसरलेला निघाला तर आतडे काढावे लागेल, कदाचित पोटावर पिशवी येईल. भाऊ रात्री उठून बसे आणि विचारी, "पिशवी लावून रिक्षा चालवता येईल का गं?"

अहवालात सौम्य डिस्प्लेशिया निघाला, कॅन्सर नव्हता. डाग पूर्ण निघाला होता. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले, आतडे स्वच्छ. आता दरवर्षी तपासणी आहे. त्या दिवशी तो रिक्षा काढत नाही आणि भावजय कुरकुर करत नाही.

तुमच्या घरात हा आजार असेल तर पहिले लक्षण दिसले ते साल कागदावर लिहून फाइलीत ठेवा. साधारण आठ वर्षे झाली की डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर बहुधा अशा वारंवार तपासणीची गरज नसते. पित्तनलिका आकसण्याचा पीएससी नावाचा आजार सोबत असेल तर आठ वर्षे थांबू नका, तो कळल्यापासूनच दरवर्षी तपासणी लागते. रक्ताच्या नात्यात कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. धोक्याप्रमाणे पुढची तपासणी एक, तीन किंवा पाच वर्षांनी ठरते. सूज शांत असतानाच ती करून घ्या, कारण सुजेत डिस्प्लेशिया ओळखणे अवघड जाते. रंग फवारणार का, हे विचारायला लाजू नका. खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. आणि बरे वाटते म्हणून रोजची गोळी सोडू नका. सूज दाबून ठेवणे हीच कॅन्सर टाळण्याची पहिली खबरदारी आहे.