आमच्या शेजारचे डॉक्टर

गेल्या मार्गशीर्षांत आमचे शेजारी आणि घरचे दंतवैद्य डॉक्टर निवर्तले. त्यांचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. छापांत नांव आलेलें त्यांना कधींच रुचलें नसतें. नांदेडास वजिराबादेंत त्यांची व आमची भिंत एकच. त्यांच्या यंत्राची घरघर आमच्या देवघरांत ऐकूं येई आणि आमच्या पूजेची घंटा त्यांच्या रोग्यांना. आतां पलीकडे सारें शांत असतें, आणि पूजा करतांना माझें लक्ष त्या भिंतीकडे जातें.

डॉक्टर मुंबईस नायर रुग्णालयाच्या दंतमहाविद्यालयांत शिकले. तें महाविद्यालय १९३३ सालचें. आमच्या मराठवाड्यांत मात्र औरंगाबादेस सरकारी दंतमहाविद्यालय निघावयास १९८२ साल उजाडावें लागलें. तोंवर आमच्याकडे दाढ दुखूं लागली म्हणजे लवंगेचें तेल, नाहीं तर आठवड्याच्या बाजारांत फडक्यावर उपटलेल्या दातांची रास मांडून बसलेला मनुष्य, असे दोनच मार्ग बहुतेकांस ठाऊक. मुंबईस त्यांचें बस्तान सहज बसलें असतें. परंतु वडील येथें एकटे, म्हणून ते मनमाडवरून मीटर गेजच्या गाडीनें परत आले आणि पुन्हां गेले नाहींत.

आमच्या सतरा माणसांच्या घरांतील एकही तोंड त्यांना अपरिचित नव्हतें. मातोश्रींना त्यांनीं कवळी करून दिली, तेव्हां तिचा पहिला प्रश्न हाच कीं, ही सोंवळ्यांत चालेल काय? डॉक्टर गंभीरपणें म्हणाले, "हिच्यांत हाड नाहीं, चामडें नाहीं. खुशाल चालेल." एकदां मीं त्यांना आपली विद्या दाखवावी म्हणून सांगितलें कीं, संस्कृतांत दातालाही द्विज म्हणतात, कारण पक्ष्याप्रमाणें आणि आपणांप्रमाणें त्याचाही जन्म दोनदां होतो. ते म्हणाले, "मास्तर, तिसरा जन्म मी देतों. आठ दिवसांत."

दातांवरील शर्करा काढतांना दंतमूलांस इजा होऊं देऊं नये, अशी सुश्रुताची आज्ञा आहे. डॉक्टर माणसांशींही त्याच बेतानें वागत. १९८८ सालीं माझ्या वर्गांत किनवट तालुक्यांतला एक मुलगा होता. त्याच्या दातांवर तपकिरी डाग. दात घाशीत नाहींस म्हणून मीं त्याला वर्गासमोर उभें केलें, आणि सायंकाळीं ओट्यावर हा पराक्रम डॉक्टरांस सांगितला. ते कांहीं बोलले नाहींत; फक्त मुलाला घेऊन या म्हणाले. दुसऱ्या दिवशीं त्याला खुर्चींत बसवून त्यांनीं मला जवळ बोलावलें. जमिनींतील पाण्यांत लिटरमागें दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलें, आणि हिरडीखालीं दात घडत असतां तें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें, तर दाताचें कवचच डागाळलेलें निघतें. घासून तें जात नाहीं. किनवटाकडे असें पाणी आहे. मग ते मुलाला म्हणाले, "गुरुजींना तुझे दात पाहावयाचे होते, बाळ. हे डाग सर्वांना ओळखतां येत नाहींत." मला त्यांनीं दोष दिला नाहीं. त्या मुलाची क्षमा मात्र मीं वर्गासमोरच मागितली.

आतां जी गोष्ट लिहितों, ती आमच्या घरांत आजवर कोणासही ठाऊक नाहीं.

१९९६ सालीं माझी बदली लातुरास झाली. कुटुंब नांदेडास, मी तेथें एका खोलींत. रात्र जाईना, तेव्हां तंबाखू-चुन्याची संगत धरली. आमच्या घरांत तंबाखूचें नांव निघत नसे, आणि मी वर्गांत तिच्या दुष्परिणामांवर निबंध लिहवून घेत असें! सुट्टींत घरीं आलों असतां दाढ दाखविण्यास डॉक्टरांकडे गेलों. त्यांचा छोटा आरसा डाव्या गालाच्या आंत येऊन थांबला.

"तंबाखू?"

"नाहीं," मीं म्हटलें.

त्यांनीं पुन्हां विचारलें नाहीं. सायंकाळीं आमच्या ओट्यावर येऊन सर्वांदेखत म्हणाले, "मास्तर, लातुरच्या सिद्धेश्वराचें दर्शन घ्यावें असें फार दिवस मनांत आहे. सोमवारीं तुमच्याबरोबरच येतों." मातोश्रींना त्यांच्या भक्तीचें कोण कौतुक वाटलें!

एस. टी. नें अहमदपूर सोडलें तेव्हां ते हळूच बोलले. गालांत पांढरा चट्टा आहे. असे बहुतेक चट्टे निरुपद्रवी राहतात, कांहीं मात्र पुढें कर्करोगाच्या वाटेला जातात. डोळ्यांनीं तें ठरत नाहीं, तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. लातुरांत त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनीं तुकडा काढला. बाहेर आल्यावर मला वाटलें, आतां ते परतीची गाडी धरतील. तर म्हणाले, "चला देवळांत. घरीं सांगून आलों आहे, तें खोटें ठरूं नये."

उत्तर यावयास आठ दिवस लागले. ते दिवस मीं कसे काढले, तें माझें मला ठाऊक. कर्करोग नव्हता. पुडी मीं त्याच्या आधींच फेंकली होती. सहा महिन्यांत चट्टाही विरला. त्यानंतर दर सहा महिन्यांनीं डॉक्टर कांहीं तरी निमित्त काढून मला खुर्चींत बसवीत आणि डाव्या गालाच्या आंत आरसा फिरवीत. तंबाखू हा शब्द पुन्हां त्यांच्या तोंडून निघाला नाहीं.

तेराव्या दिवशीं आम्ही उभयतां वहिनींना भेटावयास गेलों. आमची सौभाग्यवती बोलतां बोलतां म्हणाली, "डॉक्टरांची सिद्धेश्वरावर केवढी भक्ति! मुद्दाम लातुरास गेले होते." वहिनींनीं डोळे पुसून वर पाहिलें. "ते? अहो, ते उभ्या जन्मांत आपण होऊन देवळाची पायरी चढले नाहींत."

सौभाग्यवतीनें माझ्याकडे पाहिलें. मी खालीं पाहिलें. तिनें अजून विचारलें नाहीं. परंतु हें मासिक आलें म्हणजे आमच्या घरांत प्रथम तीच उघडते.