जबानीतलं गाव

आक्स-ले-तेर्मच्या चौकात एक दगडी हौद आहे, १२६० साली कुष्ठरोग्यांसाठी बांधलेला. त्यात अजूनही जमिनीतलं कढत पाणी येतं आणि पिरेनीजमध्ये डोंगर तुडवून आलेली माणसं बूट-मोजे काढून त्यात पाय सोडून बसतात. मीही बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, आता पुढे कुठे? मोंतायू म्हटल्यावर त्या हसल्या. "तिथे बघायला काही नाही."

खरंच नाही. आक्सहून रस्ता वळणं घेत शिउलाच्या खिंडीत चढतो, साधारण १,४३० मीटरपर्यंत. पलीकडे उतरलं की झाडी मागे पडते आणि गवताचं मोकळं पठार लागतं. प्राद नावाचं गाव येतं, आणि जरा पुढे मोंतायू. कायम राहणारी माणसं तीसच्याही आत. टेकाडावर किल्ल्याच्या पडक्या भिंती, उतारावर गवतात बुडालेले दगड. चौदाव्या शतकात दोन-अडीचशे माणसांचं गाव इथे, किल्ल्याला चिकटून होतं. आजची घरं त्याच्या खाली आहेत.

इतक्या लहान गावाचं सहसा काय उरतं? करवसुलीच्या वहीतलं नाव, फार तर. मोंतायूत मात्र कोण कोणाच्या उवा काढत होतं, हेसुद्धा आपल्याला ठाऊक आहे.

त्याची सुरुवात आक्समध्येच होते. तिथले पिएर आणि गियोम ओतिये हे भाऊ पेशानं नोटरी, बऱ्यापैकी पैसेवाले. मध्यम वयात सगळं सोडून ते इटलीत लोंबार्दीला गेले आणि कातार पंथाची दीक्षा घेऊन १३०० च्या सुमारास परतले. हे दिसणारं जग देवानं नव्हे, सैतानानं घडवलं असं कातार मानत. दीक्षा घेतलेल्यांना मांस वर्ज्य, स्त्रीसंग वर्ज्य. चर्चच्या लेखी हे पाखंड. लोक मात्र त्यांना 'भली माणसं' म्हणत. ही भली माणसं रात्री आडवाटेनं घरोघर जात. मोंतायूचं बहुतेक गाव त्यांच्या बाजूचं झालं. मग १३०८ च्या सप्टेंबरमध्ये कार्कासोनच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायपीठानं, वाढत्या वयाच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत अख्खं गाव उचललं. पिएर ओतियेला १३१० मध्ये तुलूझला जाळलं.

त्यानंतर आला झाक फूर्निये, पामियेचा बिशप. साध्या घरातला, हुशार आणि कमालीचा चिकट माणूस. १३१८ ते १३२५ या काळात त्याचं न्यायपीठ ३७० दिवस बसलं. ५७८ उलटतपासण्या झाल्या. शारीरिक यातनांचा वापर क्वचितच. तो नुसता विचारत राही. तेव्हा कोण होतं? दार उघडं होतं का? शेगडीपाशी कोण बसलं होतं? पाच जणांना जाळलं, त्यात मोंतायूचा एक. बाकी कोणाला तुरुंग, कोणाच्या कपड्यांवर पिवळे क्रूस शिवले. माणसं बोलली ऑक्सितानमध्ये, कारकुनांनी उतरवून घेतलं लॅटिनमध्ये. फूर्निये १३३४ मध्ये बारावा बेनेडिक्ट या नावानं पोप झाला, त्यामुळे त्याची वही जपली गेली. आज ती व्हॅटिकनमध्ये आहे. तिच्यावरून एमान्युएल ल रॉय लाद्युरी यांनी १९७५ साली मोंतायूवर पुस्तक लिहिलं आणि ते तडाखेबंद खपलं. मी ते इंग्रजीत वाचलं. म्हणजे इथल्या बायकांचं बोलणं तीन भाषांतून गाळून माझ्यापर्यंत आलं होतं, तरी त्याचा तिखटपणा गेलेला नव्हता.

उवांचंच घ्या. ऊन पडलं की बायका दारात बसायच्या आणि गप्पांबरोबर एकमेकींची डोकी विंचरायच्या. उवा कोणी कोणाच्या काढायच्या, यालाही नात्याची रीत. मेंगार्द क्लेर्ग ही गावातल्या सगळ्यात वजनदार घरातली म्हातारी. तिच्या उवा काढता काढता एकीनं पाखंडाच्या गोष्टी ऐकल्या आणि पुढे बिशपसमोर सांगितल्या. मेंगार्दचा एक मुलगा कर गोळा करणारा. दुसरा, पिएर, गावचा पाद्री, आतून कातारांना सामील, बायकांच्या बाबतीत बेछूट, आणि वेळ आली की नको असलेल्याला इन्क्विझिशनच्या तोंडी देणारा. किल्लेदाराची विधवा बेआत्रिस द प्लानिसोल हिच्याशी त्याचं दोनेक वर्षं होतं. तीही त्याच्या उवा काढायची.

मेंगार्दचा नवरा पोन्स वारला, तेव्हा प्रेताचे थोडे केस आणि नखांचे तुकडे काढून ठेवले गेले. घराची बरकत धन्यामागून निघून जाऊ नये म्हणून. हे वाचताना तिन्हीसांजेला नखं काढू न देणारी माझी आजी डोळ्यांसमोर आली होती. बेआत्रिसला पकडलं तेव्हा तिच्या सामानात तिच्या नातवांच्या नाळा निघाल्या. जवळ ठेवल्या की कोर्टकज्जात जय होतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. त्या नाळा पुढे आल्या त्या कोर्टातच, पुरावा म्हणून.

पुस्तक वाचताना मी खळखळून हसले होते. किल्ल्याच्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं. ही काही आठवणींची वही नाही. जबान्या आहेत, घाबरून दिलेल्या; शेजारणीचं नाव घेतलं तर आपण सुटू, या हिशेबानं दिलेल्या. पिएर मोरी तेवढा वेगळा. मेंढपाळ, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन वरच्या कुरणांत, हिवाळ्यात डोंगरापलीकडे कातालोनियात. घर नाही, बायको नाही, मित्र मात्र खिंडीखिंडीत. त्याच्या जबानीत गावाचा कोंदटपणा नाही, वारा आहे. पण तोही अखेर पकडला गेला आणि १३२४ मध्ये तुरुंगात गेला.

खाली गावाबाहेर नोत्र-दाम द कार्नेसचं लहानसं देऊळ आहे. मेंगार्दला पुरलं ते इथे, थेट वेदीखाली. पाद्री मुलगा असल्यावर अवघड काय? मी गेले तेव्हा दार बंद होतं. पायरीवर ऊन होतं, म्हणून बसले. कुठेतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. समोरून काठी टेकत एक म्हातारी आली, मला बघून मान हलवून पुढे गेली. माझा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि मी खाजवायला लागले.