पीळ

दारव्हा मोतीबाग जंक्शन. यवतमाळ जिल्ह्यातल्या या स्थानकाचं नाव काही केल्या मनातून जात नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ वाटेवरची शकुंतला, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी, इथे थांबायची. १९३१ साली इथून पुसदला फाटा निघाला. महायुद्धाच्या काळात त्याचे रूळ उखडले. पुढे कित्येक दशकं एकाच वाटेनं गाड्या आल्या-गेल्या, नावातलं जंक्शन मात्र टिकलं. आता शकुंतलाही बंद आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. वैभव गेलं, ताठा उरला, असा म्हणणाऱ्याचा रोख. पण जळालेला सुंभ जवळून पाहावा. राखेत पेड न पेड दिसतो. कुठे वळण घट्ट, कुठे सैल, कुठे दोन तुकडे जोडलेले. फुंकर लागली की सगळं खाली बसतं. त्यात ताठा कुठे आहे? शिवाय पीळ दोरानं स्वतः घातलेला नसतोच. कुणीतरी अंबाडीचे पेड तळहातांत घोळवून तो घातलेला असतो. मग राखेत उरतं ते दोराचं की त्या हातांचं?

दारव्ह्याला पीळ घातला कापसानं. वऱ्हाडातला कापूस मुंबईला न्यायचा म्हणून किलिक निक्सन कंपनीनं ही वाट उभारली. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढायच्या आणि भुसावळ, कल्याण करत मुंबई गाठायच्या. म्हणजे आमच्या विक्रोळीवरूनच. इथलं रेल्वेफाटक बंद झालं, त्यावरचा पूल २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, तरी रिक्षावाल्याला पत्ता सांगताना माझ्या तोंडून ‘फाटक’च निघतं, आणि त्यालाही ते कळतं. हा कुणाचा ताठा म्हणायचा?

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मोठा मार्ग होतो आहे, तोही दारव्हा, दिग्रस, पुसदवरूनच. उखडलेली दिशा परत येते आहे. शकुंतला ब्रॉडगेज व्हावी ही मागणीही जुनी आहे. ती पुरी झाली नाही, तर पुसदची गाडी असेल आणि मूर्तिजापूरची नसेल. दारव्ह्यातून पुन्हा एकच वाट जाईल. तरीही पाटीवर जंक्शन लिहावं असं मला वाटतं. ते खोटं ठरेल, हेही पटतं.