‘पॅरिया’ म्हणजे कोण?

मुळशीतल्या पौडला नातीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होतो. ‘एखाद्याला पॅरियासारखे वागविणे’ हा वाक्प्रचार आला. कोशात अर्थ ‘बहिष्कृत’. तिने तो उतरवून घेतला. मी तिला थांबविले. हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हेच. तामिळनाडूतील परैयर जातीच्या नावावरून तो तिकडे गेला. ‘परै’ म्हणजे आपल्या हलगीसारखे वाद्य. वाजविणाऱ्यांचे नाव जगात शिवी होऊन बसले!

त्याच समाजाच्या रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ साली वृत्तपत्र काढले, नाव ‘परैयन’च ठेवले. १९३० साली ते बाबासाहेबांसोबत गोलमेज परिषदेत होते. आणि बाबासाहेबांचे १९२७ चे पाक्षिक? ‘बहिष्कृत भारत’.

नातीने ‘बहिष्कृत’पुढे ‘हलगीवाले’ असे लिहिले. मग म्हणाली, “आजोबा, परीक्षेत मार्क जातील का हो?”