परत केलेला विसार

दुकानाच्या काचेवर एक लहानशी निळी चिठ्ठी चिकटवलेली होती. हे दुकान सर्वांची सेवा करते, अशा अर्थाचा तिच्यावर मजकूर होता. मला हसू आले. आपल्याकडे 'उधार बंद'ची पाटी असते, 'आमची कोठेही शाखा नाही' अशीही असते. पण 'येईल त्याला आम्ही माल देतो' असे दुकानदाराने जाहीर करावे, ही गंमतच! दुकान म्हटल्यावर दुसरे काय करणार?

ही गोष्ट 2015 सालच्या वसंतातली. मी मुलाकडे इंडियानापोलिसला गेलो होतो आणि सुनेने सांगितलेला पाव आणायला बेकरीत निघालो होतो. चिठ्ठीचा उलगडा मुलाने संध्याकाळी केला. 26 मार्चला इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यावर सही केली होती. सरकारने कोणाच्याही धर्माचरणावर मोठा भार टाकू नये. टाकायचाच झाला तर तसेच सबळ कारण दाखवावे. ऐकायला किती सात्त्विक!

मूळही सात्त्विकच होते. मूळ अमेरिकन लोकांच्या एका धर्मपंथात पेयोटी नावाची निवडुंगाची जात विधीत सेवन करतात. ते सेवन केले म्हणून ओरेगन राज्यात दोघांची नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला गेला आणि 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्यावर लोक हळहळले आणि 1993 साली राष्ट्रीय कायदा झाला. तो राज्यांना लागू नाही, असे 1997 साली ठरल्यावर एकेक राज्य आपापला कायदा करू लागले. इंडियानाची पाळी आली तोवर काळ बदलला होता. तिथे समलिंगी विवाह नुकतेच कायदेशीर झाले होते, आणि ही ढाल आता दुकानदार गिऱ्हाइकावरच उगारणार, अशी धास्ती पुष्कळांना वाटू लागली. म्हणून त्या निळ्या चिठ्ठ्या! गदारोळ एवढा झाला की आठवड्याभरात, 2 एप्रिलला, कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

त्या रात्री शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जेवायला होते. मोठे भाविक. ते म्हणाले, "धर्म रविवारी चर्चमध्ये ठेवून यायचा आणि सोमवारी दुकान उघडायचं, हे मला जमायचं नाही."

सून म्हणाली, "आणि उद्या कोणी म्हणालं, मूर्तिपूजकांना माल देणं माझ्या धर्मात बसत नाही, तर आम्ही काय करायचं?"

"पण शाकाहारी खाणावळवालीला मटण रांधायला लावाल का तुम्ही?" मुलाने विचारले.

"ती मटण कोणालाच देत नाही," सून म्हणाली. "वस्तू नाकारणं वेगळं, माणूस नाकारणं वेगळं."

मला ते पटले. पण मग कोलोरॅडोतल्या केकचे काय? तिथल्या एका बेकरीवाल्याने 2012 साली दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नकार दिला होता. बाकी हवे ते घ्या, या लग्नासाठी तेवढे माझे हात चालणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. उलट त्याच राज्यात एका गृहस्थाने समलिंगी संबंधांचा निषेध करणारी वचने केकवर लिहून मागितली, तर काही बेकरीवाल्यांनी ती नाकारली, आणि तो नकार मात्र योग्य ठरला. लग्नाचा केक ही वस्तू म्हणायची की माणूस? पुढे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्या बेकरीवाल्याच्या बाजूने निकाल दिला. पण कारण दिले ते एवढेच, की राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेची संभावना नीट केली नव्हती. मूळ प्रश्न तसाच राहिला. 2023 साली त्याच राज्यातल्या, लग्नाची संकेतस्थळे करू पाहणाऱ्या बाईंच्या बाजूने निकाल लागला, तोही धर्माच्या नव्हे, भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर. आणि 1968 साली? दक्षिण कॅरोलिनातला एक उपाहारगृहवाला म्हणत होता, कृष्णवर्णीयांना आत बसवून जेवू घालणे माझ्या धर्माला मान्य नाही. न्यायालयाने ती सबब अगदीच पोकळ म्हणून झटकून टाकली होती.

जेवणे झाली, शेजारी गेले, दिवे मालवले. पण मला झोप येईना. वाद अमेरिकेचा होता, आणि मला दिसत होती आमची चूल.

वडील लवकर गेले. आई लोकांचे रुखवत करून देई. तिच्या चिरोट्यांना तालुक्यात तोड नव्हती. सगळे सोवळ्यात. 1963 साली, मी अकरा वर्षांचा असताना, शाळेत नवे गुरुजी बदलून आले. त्यांच्या बहिणीचे लग्न होते. त्यांनी शिपायाबरोबर रुखवताची यादी आणि पाच रुपये विसार पाठवला. आईने आनंदाने घेतला. पंधरा दिवसांच्या वाणसामानाची सोय झाली होती. दुसऱ्या दिवशी आळीतल्या एका काकूंनी गुरुजींची जात सांगितली.

आई रात्रभर कुशी बदलत होती. सकाळी तिने पाच रुपये माझ्या हातावर ठेवले. "जमणार नाही म्हणावं. मला देवापुढे उभं राहायचंय रे!" तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते ढोंग नव्हते. पैशांची गरज असताना तिने ते परत केले होते.

गुरुजी गावाबाहेर राहत. वैशाखातले ऊन. मी निरोप सांगितला. त्यांनी पैसे घेतले, मोजले नाहीत. माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "उन्हातून आलास. थोडं पाणी..." आणि तिथेच थांबले. मला फार तहान लागली होती. तरी मी मागितले नाही. आईने नकार दिला तो देवासाठी. मी कोणासाठी दिला, ते मला अजून सांगता येत नाही.

तेव्हाही घटना होती. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांत जातीवरून आडकाठी नको, असे तिचे पंधरावे कलम सांगत होते. अस्पृश्यतेच्या कारणाने माल वा सेवा नाकारणे 1955च्या कायद्याने गुन्हा ठरले होते. महाडचे तळे त्याआधीच, 1927 साली, डॉ. आंबेडकरांनी पाण्याला हात लावून सर्वांचे केले होते. आणि त्या पाण्याची शुद्धी करणारेही धर्माचेच नाव घेत होते. आमच्या ओट्यापर्यंत यातले काही पोचले नव्हते.

म्हणून त्या बेकरीवाल्याला मला दुष्ट म्हणवत नाही. म्हटले तर आईलाही म्हणावे लागेल. त्याच्याशी बोलणाऱ्याने आदरानेच बोलावे. पण देवघर आपले. विसार मात्र गल्लीतून येतो. तो घेतला की उंबरठा आपल्या एकट्याचा राहत नाही. आतल्या माणसाच्या श्रद्धेवर किती भार पडतो, ते न्यायालये तोलून पाहतात. परत जाणाऱ्याची पावले कोण तोलणार?

सकाळी मी पुन्हा त्या बेकरीत गेलो. पाव घेतला, आणि गल्ल्यावरच्या मुलीकडे पेलाभर पाणी मागितले. तिने मान वर न करताच पेला भरून पुढे सरकवला.

मला तहान नव्हती. पण सगळे प्यायलो.